गाडी लागणारी माणसं

खोली दाखवायच्या आधी खालांनी मला एकच प्रश्न विचारला होता. "तुले गाडी लागते का व?"

मी दुसऱ्याच प्रश्नांची तयारी करून गेले होते. वणीत एकट्या मुलीनं खोली शोधायची म्हणजे गाव कोणतं, वडील काय करतात, लग्नाचं कुठवर आलं, भेटायला कोण कोण येईल, हे सगळं सांगावं लागतं. आधीच्या दोन घरांमध्ये ते सांगून झालं होतं आणि दोन्हीकडून 'कळवतो' असं उत्तर आलं होतं. या प्रश्नाला माझ्याकडे तयार उत्तर नव्हतं, म्हणून खरं तेच बोलून गेले. हो, लागते. लहानपणापासून लागते. शाळेच्या बसमध्ये माझ्या शेजारची जागा रिकामीच असायची.

"मंग ये आत," त्या म्हणाल्या आणि किल्ली शोधायला लागल्या.

भाडेकरूला असं का विचारायचं, हे मी बऱ्याच महिन्यांनी त्यांना विचारलं. त्यांच्या मते जगात माणसांच्या दोनच जाती, लागणारे आणि न लागणारे. बाकीच्या जाती लोकांनी रिकामपणी काढल्या. न लागणाऱ्याचा भरवसा नाही, तो कधीही उठून कुठंही निघून जातो. लागणारा माणूस उंबरा ओलांडायच्या आधी चारदा विचार करतो. "अन् ज्याले लागते ना, त्याचं पोट खोटं बोलत नाई," त्या म्हणायच्या. "तोंड बोलन. पोट नाई बोलत."

सगळा मोहल्ला त्यांना खाला, म्हणजे मावशी, म्हणायचा, म्हणून मीही म्हणायला लागले. त्यांचे यजमान ट्रकचे मिस्त्री होते. मेन रोडवर त्यांचं गॅरेज होतं, ते आता दुसरं कोणी चालवत होतं. मिस्त्री गेल्यापासून खाला घरात एकट्याच होत्या. एकुलती एक मुलगी होती, तिला जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला, बोरी अरबला दिलेली. घराच्या मागून कोळशाचे ट्रक दिवसभर जात. खिडकीच्या गजांवर सकाळी पुसलेली काळी धूळ दुपारी परत असायची.

एवढ्या ट्रकांच्या गावात, ट्रकच्या मिस्त्रीशी संसार करून, खाला ट्रकमध्ये आयुष्यात एकदाच बसल्या होत्या. लग्न होऊन मुकुटबनहून वणीला आल्या तेव्हा. मुकुटबन माझंही गाव. एवढासा रस्ता आहे. पण खाला सांगायच्या, की ट्रक इतक्या वेळा थांबवावा लागला, की मागून बैलगाड्यांनी निघालेले वऱ्हाडी आधी पोहोचून जेवायला बसले होते. कोणीतरी मिस्त्रींना विचारलं, गाडीत बिघाड झाला का. ते म्हणाले, "गाडी चांगली हाय. बायकोत हाय बिघाड." हे सांगताना खाला तोंडावर ओढणी धरून हसायच्या, जणू कालच झालं.

गावांची अंतरं त्या लिंबांत मोजत. मारेगाव म्हणजे एक लिंबू. करंजी म्हणजे चार-पाच. यवतमाळला जायचं तर लिंबाचं झाडच उपटून सोबत घ्यावं लागेल. त्याच्या पलीकडच्या बोरी अरबबद्दल त्या काही बोलत नसत. मुलीचं लग्न वणीतच झालं होतं, आणि लग्नानंतर मुलगीच यायची. तिचं सासर खालांनी पाहिलेलं नव्हतं.

गाडी हे झालं नावापुरतं. खालांना झोपाळा लागायचा, म्हणून ओसरीतल्या कड्या रिकाम्या होत्या. वर बघत पडलं तर फिरणारा पंखा लागायचा. टीव्हीवरच्या मालिका त्या बघायच्या, पण एखाद्या सासूच्या चेहऱ्यावर कॅमेरा तीनदा धाडधाड येऊन आदळायला लागला की डोळे मिटून घ्यायच्या आणि मला विचारायच्या, "झालं का त्याचं? ठेवला का त्यानं नीट?" कॅमेरा धरणाऱ्या माणसाला त्या 'थे पोट्टं' म्हणत. ते पोट्टं दारू पिऊन कामावर येतं, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

माझ्या कामाबद्दल मी त्यांना फारसं सांगितलं नव्हतं. सांगायची मला सवयही नव्हती. पुण्यातल्या एका लहान कंपनीसाठी मी घरून व्हिडिओ गेम तपासायचे. खेळ बाजारात येण्याआधी तो खेळून बघायचा, कुठं अडकतो, कुठं भिंतीतून माणूस आरपार जातो, ते लिहून पाठवायचं. मुकुटबनला आमच्या घरी रेंज यायची ती गच्चीवर, तीसुद्धा लहर असेल तेव्हा, म्हणून वणीत खोली. घरी 'कॉम्प्युटरचं काम' एवढंच माहीत होतं. दिवसभर खेळते असं कळलं असतं तर बाबांनी मला कापूस वेचायला बोलावलं असतं.

काही खेळांमध्ये कॅमेरा खेळातल्या माणसाच्या मागं किंवा वर असतो. माणूस आपल्याला पूर्ण दिसतो, त्याला आपण चालवतो. काही खेळांमध्ये कॅमेरा त्याच्या डोळ्यांच्या जागी असतो. मग तो धावला की सगळं जग धावतं, त्यानं मान वळवली की भिंती फिरतात, पाऊल टाकलं की जमीन हिंदकळते. आपण मात्र खुर्चीत. डोळे सांगतात चाललोय, पोट सांगतं बसलोय, आणि दोघांचं भांडण घशाशी येतं. मला असले खेळ अर्धा तासही सोसायचे नाहीत. ऑफिसला मी हे कळू दिलं नव्हतं. तपासणारीलाच खेळ सोसत नाही, हे कोणत्या तोंडानं सांगायचं? खेळायचे, उठायचे, मागच्या मोरीवर जायचे, चूळ भरून परत बसायचे.

मोरीच्या भिंतीपलीकडे शेजारच्या काकू भांडी घासायच्या. एका दुपारी मी मान वर केली तर त्या भिंतीवरून बघत होत्या.

"काय व, कालबी ऐकलं म्या," त्या मला म्हणाल्या. मग खालांना हाक मारली. खाला बाहेर आल्या. काकूंनी आवाज खाली आणला, पण मला ऐकू येईल इतकाच. "पोरगी एकटी राह्यते बाप्पा. तुमी नजर ठेवा लागते. उद्या बापाले काय सांगसान?"

माझे कान तापले. खालांनी माझ्याकडे नीट पाहिलं. कपाळावरचा घाम, पांढरे पडलेले ओठ.

"गाडी लागली तिले," त्या म्हणाल्या.

"कुठी गेलती?"

"कुठी नाई. घरातच लागली."

काकू खो खो हसल्या. "घरात कोणती गाडी हाय? आमालेबी दाखवा."

"चल व," खाला मला म्हणाल्या. "दाखव मले."

त्या पहिल्यांदाच माझ्या खोलीत येऊन माझ्या खुर्चीवर बसल्या. मी शेजारी उभी राहून खेळ सुरू केला. पडक्या इमारतीत बॅटरी घेऊन पळणारा एक माणूस होता. बॅटरीचा उजेड या भिंतीवरून त्या भिंतीवर उडत होता. "सीधा चालता नाई येत का याले?" खाला म्हणाल्या. मग टेबलाची कड धरली. जिना चढताना त्या माणसानं मागं वळून पाहिलं, आणि खाला उठून थेट मोरीकडे गेल्या.

परत आल्या त्या भिंतीजवळ उभ्या राहूनच बोलल्या. ओढणीच्या टोकानं तोंड पुसत, अगदी जिंकल्यासारख्या. "पाह्यलं का वहिनी? मलेबी झाली. आता माह्याबी डोहाळजेवणाचं पाहा."

त्यानंतर काकूंनी तो विषय काढला नाही. उलट मला सुंठ पाठवली.

त्या दिवसापासून खाला रोज दुपारी माझ्या दाराशी यायच्या. "आज पोट्ट्यानं कॅमेरा कुठी बसवला?" असं विचारायच्या. बाहेर असेल तर आत यायच्या, आत असेल तर दारातूनच परत. मी कोणाला माझ्या खोलीत फार वेळ बसू देणारी नव्हे. हॉस्टेलमध्येसुद्धा माझा पलंग भिंतीकडचा असायचा. पण खाला येऊन गेल्या नाहीत तर दुपार पुढं सरकत नाही, हे माझ्या लक्षात यायला लागलं होतं.

त्याच सुमाराला आमच्याकडे एक बसचा खेळ तपासायला आला. डोंगरातला रस्ता, प्रवाशांनी भरलेली बस, आणि ती खालच्या गावापर्यंत सुखरूप न्यायची. कॅमेरा तीन ठिकाणी ठेवता यायचा, बसच्या वर, बसच्या मागं, किंवा ड्रायव्हरच्या डोळ्यांत. वरून आणि मागून खालांना काही व्हायचं नाही. ड्रायव्हरच्या जागी कॅमेरा ठेवून मी चालवायला लागले की पहिल्याच वळणाला त्या उठायच्या.

एकदा मी असंच आतून चालवत होते आणि ऑफिसचा फोन आला. खाला दारात होत्या. मी हातातलं खेळाचं रिमोट त्यांच्याकडे दिलं, "नुसतं धरा," म्हटलं आणि अंगणात गेले. परत आले तर त्या माझ्या खुर्चीत बसून बस हाकत होत्या. कठडे तोडत, झाडांना घासत, शेवटी बस नदीत घातली. आणि हसत होत्या.

"खाला, कॅमेरा आत आहे," मी म्हटलं.

त्यांनी पडद्याकडे पाहिलं. काचेवर पाणी चढत होतं. "हाव," त्या सावकाश म्हणाल्या. पोटावर हात ठेवून वाट पाहिली. "गाडी बुडाली. पण मले नाई लागली."

आम्ही दोघींनी मग करून पाहिलं. मी चालवली की लागते, त्यांनी चालवली की लागत नाही. मलाही स्वतः चालवताना उशिरा लागायचं, त्यांनी चालवलेलं बघत बसलं की लगेच. वळण येणार हे हातांना आधी कळलं की पोटाला धक्का कमी बसतो, असं मी त्यांना समजावलं. त्या ऐकत नव्हत्या. "मिस्त्री म्हणत जाय," त्या म्हणाल्या, "का ड्रायव्हरले कधी गाडी लागत नाई. मले वाटे, फुशारकी मारते." त्यांनी रिमोट मांडीवर ठेवलं. "साऱ्या वणीले गाडी शिकवली त्या माणसानं. मले नाई शिकवली. मीबी नाई म्हटलं."

खालांच्या मुलीला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण माहेरीच करायचं, हे आमच्याकडे कोणी ठरवत नाही, ते ठरलेलंच असतं. खालांनी आतली खोली चुन्यानं रंगवून घेतली होती. जुन्या मऊ साड्यांची दुपटी शिवून घडी करून ठेवली होती, डिंक आणि खारका आणल्या होत्या, मालिश करणाऱ्या बाईला आत्ताच शब्द देऊन ठेवला होता. सातव्या महिन्यात जावई घेऊन येणार होते.

तो फोन आला तेव्हा मी ओसरीतच होते. फोन स्पीकरवर होता. डॉक्टरांनी मुलीला पूर्ण पडून राहायला सांगितलं होतं. प्रवासाचं नाव काढायचं नाही, बाथरूमपर्यंतच चालायचं. तिच्या सासरी सासू नव्हती. घरात नवरा आणि म्हातारे सासरे, दोघं पुरुष.

"अम्मी, तू मत आ," मुलगी म्हणत होती. "तेरे से नहीं होगा. मैं कर लूँगी."

"येते मी," खाला म्हणाल्या. फोन ठेवला. मग बराच वेळ रंगवलेल्या खोलीच्या दारात उभ्या राहिल्या. रीत अशी की मुलगी आईकडे येते. आईनं मुलीकडे जायचं, ही वाट त्यांनी कधी मनातसुद्धा धरलेली नव्हती.

त्या संध्याकाळी त्यांनी मला त्यांच्या आईचं सांगितलं. आई मुकुटबनला वारली, तेव्हा निरोप आल्याबरोबर खाला जीपमध्ये बसल्या होत्या. अर्ध्या रस्त्यात इतकं झालं की उतरावं लागलं. लोक थांबायला तयार होते, पण पुन्हा बसण्याची ताकद नव्हती. त्यांनी जीप पुढं पाठवली आणि त्या पायी निघाल्या. "पोहोचली मी," त्या म्हणाल्या. "पण कबरस्तानातून लोकं वापस येऊन राह्यलते."

जावयांनी कार पाठवली. बंद काचा, गार हवा आणि आरशाला टांगलेली सेंटची डबी. खाला गावाच्या शेवटच्या पेट्रोल पंपापर्यंत गेल्या आणि तिथून पिशवी घेऊन चालत परत आल्या. गोळी घेऊन पाहिली, पण गोळीनं त्यांना फक्त झोप यायची. "झोपेतबी ओकते मी," त्या म्हणाल्या. शेजारच्या काकूंनी बेंबीवर लावायला काहीतरी दिलं, कोणी कागद पोटाला बांधायला सांगितला. खालांनी सगळं केलं आणि सगळ्याला नावं ठेवली.

मग एका दुपारी त्या आत आल्या आणि म्हणाल्या, "कॅमेरा ड्रायव्हरच्या जागी बसव."

रोज त्या तो घाट चालवायला लागल्या. आधी प्रवासी ओरडायचे, मग ओरडेनासे झाले. एकदा बस खालच्या गावात सुखरूप पोहोचली तेव्हा त्यांनी काकूंना भिंतीवरून बोलावून दाखवली. काकू म्हणाल्या, "पण तिकिटं कोणं काढली?"

आणि त्यानंतर एक दिवस त्या कुकरच्या झाकणातली रबरी रिंग हातात घेऊन आल्या. मला वाटलं, नवी आणायची म्हणून दाखवताहेत. त्या माझ्या शेजारी पाटावर बसल्या, रिंग दोन्ही हातांनी समोर धरली आणि म्हणाल्या, "आता तू चालव."

मी चालवत होते आणि त्या शेजारी रिंग वळवत होत्या. उजवं वळण आलं की उजवीकडे, पाय जमिनीवर दाबून, अंग झुकवून. पहिल्या दिवशी दोनदा उठल्या. काही दिवसांनी पूर्ण घाट उतरल्या तरी उठल्या नाहीत.

"खाला, ही खरी बस नाही," मी म्हटलं. मला भीती वाटत होती. या खेळावर विसंबून त्या निघतील आणि मारेगावच्या अलीकडं रस्त्यात बसतील.

"थे मले माहीत हाय," त्या म्हणाल्या. "पोटाले कुठी माहीत हाय?"

निघताना त्यांनी मला सोबत चल म्हटलं. ज्या बाईला गाडी लागते तिनं सोबतीला कोणाला न्यावं, तर जिला गाडी लागते तिलाच. काकू म्हणाल्याही, "एकीले दुसरी सांभाळणार व?" मी सुट्टी टाकली.

सकाळची यवतमाळची बस होती. खाला सगळ्यांच्या आधी चढल्या आणि ड्रायव्हरच्या डावीकडची, समोरच्या काचेतून रस्ता दिसणारी जागा धरली. बुरख्याच्या बाहीतून रिंग काढली. ड्रायव्हरनं पाहिलं, परत पाहिलं.

"काय करून राह्यल्या चाची?"

"तू आपलं काम कर बाबा."

"मंग आज मी झोपू का?" ड्रायव्हर म्हणाला. "चालवून घेसान तुमी."

"गियर तुले टाका लागन," खाला म्हणाल्या. "मले नुसतं वळवता येते."

मारेगाव गेलं. करंजी गेली. खालांची नजर रस्त्यावरून हलली नाही. ओठ घट्ट मिटलेले, बोटांची पेरं पांढरी. यवतमाळच्या आधीच्या वळणांवर ड्रायव्हर एकेका वळणाआधी "चाची, डावी" असं हळूच म्हणायला लागला. चिडवत नव्हता. स्टँडवर उतरल्यावर खाला खांबाला धरून उभ्या राहिल्या. मी पिशवीतलं लिंबू काढलं. त्यांनी मान हलवली. नको होतं.

पण बोरी अरबला जाणारी गाडी आली ती भरूनच. खालांना जागा मिळाली ती पार मागं, चाकाच्या वरच्या बाकावर, खिडकीपासून तिसरी. समोर माणसांच्या पाठी, तुरीचं एक पोतं आणि वर टांगलेल्या पिशव्या. रस्ता कुठंच दिसत नव्हता. गाडी स्टँडच्या बाहेर पडेपर्यंतच खालांचा चेहरा बदलला. "उतरते मी," त्या म्हणाल्या. "पायी जाते. किती दूर हाय?"

किती दूर आहे हे मला माहीत होतं. आणि आईकडे पायी निघालेल्या त्या दिवसाचं काय झालं होतं, तेही.

मी माणसांमधून वाट काढत पुढं गेले आणि ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला धरून उभी राहिले. शाळेत मी कधी हात वर केला नव्हता. ऑफिसच्या मीटिंगमध्ये माझा कॅमेरा आणि आवाज दोन्ही बंद असायचे. मी समोर रस्त्याकडे बघत ओरडले, "खाला, उजवीकडे!"

आवाज इतका बारीक निघाला की कंडक्टरलाच ऐकू गेला. "कोण उतरते उजवीकडे?" त्यानं विचारलं.

मी परत ओरडले. "उजवीकडे वळण! आता सरळ! ब्रेक लागणार!"

"मॅडम, कंडक्टर तुमी का मी?" तो म्हणाला. मी त्याला दोन वाक्यांत सांगितलं, मुलगी, डॉक्टर, गाडी लागते. त्यानं मागं पाहिलं. खाला दोन पाठींच्या मधून रिंग धरून बसल्या होत्या आणि माझ्या आवाजावर वळवत होत्या. मग तो मागच्या माणसांना म्हणाला, "चाचीले हात हलवाले जागा द्या."

"पुढं गतिरोधक!" मी म्हटलं.

"दोन हायेत," पांढऱ्या टोपीतले एक आजोबा म्हणाले. "पहिला सोपा, दुसरा खतरनाक. चाची, धरून!"

मग मला एकटीला ओरडावं लागलं नाही. तो रस्ता त्या लोकांचा रोजचा होता. कुठं पुलिया येते, कुठं खड्डा टाळायला ड्रायव्हर गाडी उजवीकडे घेतो, कुठं बकऱ्या आडव्या येतात, सगळं त्यांना आधीच माहीत. कॉलेजच्या दोन मुली डावी-उजवी सांगत होत्या. तुरीच्या पोत्यावर बसलेला माणूस प्रत्येक वळणानंतर "शाब्बास चाची" म्हणत होता. ड्रायव्हर एकदा वैतागून म्हणाला, "अबे, मले कोणी काही सांगतच नाई!" आणि मागून खालांचा आवाज आला, "तू समोर पाह्य!"

बोरी अरबला खाला दांड्याला धरून एकेक पायरी उतरल्या. गाडी लगेच निघाली नाही. त्या रस्त्याच्या कडेला स्थिर उभ्या राहीपर्यंत ड्रायव्हर थांबला होता.

मुलगी डाव्या कुशीवर पडून होती. आम्ही आत गेलो तरी तिला वाटलं, शेजारचं कोणी आलं. खालांनी तिच्या केसांवर हात ठेवला. तिनं मान वळवली, आईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आईचा हात नाकाशी नेऊन वास घेतला. उलटीचा, लिंबाचा, कसलाच वास नव्हता.

"पैदल आयी क्या तू?" तिनं घाबरून विचारलं.

"बस से आयी."

मुलीनं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. तेव्हा तिला रडू आलं, आणि डॉक्टरांनी हलायचं नाही म्हणून सांगितल्यामुळे ती न हलता रडली. खाला तिच्या उशाशी बसून म्हणाल्या, "रडू नोको. मी आली ना. टायमावर आली."

मी त्याच दिवशी परत फिरले. खालांनी घराची किल्ली माझ्याकडे दिली होती. त्या परत कधी येणार, कशा येणार, हे कोणीच विचारलं नाही. पुढचे दोन महिने मी त्या घरात एकटी होते. दुपारी दाराशी कोणी यायचं नाही. काकू भिंतीवरून विचारायच्या, काही खबर? मी म्हणायचे, अजून नाही. त्याच दिवसांत एकदा मी ऑफिसला लिहून टाकलं, की आतून दिसणारा कॅमेरा मला सोसत नाही. उत्तर आलं, की आणखी दोघांनी तेच कळवलं आहे, चालताना मान हलणं बंद करायची सोय ठेवू. एवढंच होतं ते.

मग एका सकाळी फोन वाजला. व्हिडिओ कॉल. मी तो कधी घेत नाही, पण नाव खालांचं होतं. पडद्यावर आधी छत आलं, मग फिरणारा पंखा, मग खालांची हनुवटी.

"दिसते का व? पोरगी झाली. दोघी चांगल्या हायेत."

"खाला, बाळ कुठंय?"

"दाखवते ना."

फोन खोलीभर फिरला. पडदा, खाट, कोणाचे तरी पाय, खिडकीचा उजेड, परत छत. खाला चालत होत्या आणि बोलत होत्या आणि रडत होत्या, आणि प्रत्येक पावलाला सगळी खोली वर-खाली होत होती. मध्येच दुपट्यात गुंडाळलेलं काहीतरी लालसर दिसलं आणि निसटलं.

"हात जरा स्थिर ठेवा," मी म्हटलं.

"ठेवलाच हाय," त्या म्हणाल्या, आणि खोली पुन्हा गरकन फिरली.

माझ्या पोटात ढवळायला लागलं होतं. कपाळाला घाम आला होता. अशा वेळी डोळे मिटायचे असतात, मला माहीत आहे. मी खांबाला टेकून बसले, फोन डोळ्यांजवळ धरला, आणि ते लालसर काहीतरी पुन्हा समोर येईल म्हणून बघत राहिले.